आधी उघाडी, मग जिवाणू: खारेपाटातल्या एका भातशेताचं प्रकरण

अलिबाग तालुक्यात धरमतर खाडीच्या अंगाला जो खारेपाट, म्हणजे बांध घालून राखलेला खारा शेतपट्टा आहे, तिथलं हे शेत. दीड एकराची लांबट पट्टी. एक टोक गावाच्या चढणीला लागलेलं, दुसरं बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला. काही वर्षांपूर्वी एका उधाणात बाहेरकाठ्याला खांड गेली, म्हणजे बांध फुटला, आणि खाडीचं पाणी आत आलं. खांड बुजवली गेली, पण शेत पूर्वपदावर आलं नाही. वरच्या भागात भात बरं येतं. मधल्या भागात रोपं जगतात, पण फुटवे धरत नाहीत आणि लोंबीत पळंज, म्हणजे पोकळ दाणे, जास्त. बाहेरकाठ्याजवळचा खालचा भाग तर मार्चमध्ये पांढराफटक होतो आणि भर पावसाळ्यातही तिथे भाताऐवजी मोरस हे खारातलं झुडूप दिसतं.

घरातल्या मुलाने तालुक्याच्या बाजारातून एक बाटली आणली होती. लेबलवर लिहिलेलं, ‘जमिनीतील खारपण नाहीसे करणारे जिवाणू’. किंमत कमी नव्हती. काकांना ती थापच वाटत होती, मुलाला ती एकदा तरी वापरून बघायची होती. काकींनी मात्र मला थेट विचारलं, “ताई, ही बाटली मीठ खाते काय?”

त्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण म्हणून जिवाणू निरुपयोगी ठरत नाहीत. या दोन गोष्टींची गल्लत झाली की शेतकरी एकतर फसतो, नाहीतर हाताशी असलेली चांगली गोष्ट टाकून देतो.

मीठ कुठून येतं

बाटली बाजूला ठेवून आम्ही आधी शेत फिरलो. खारेपाटात मिठाचं वर्षभराचं येणंजाणं ठरलेलं असतं. पावसाळ्यात दोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, तो वरच्या थरातलं मीठ धुऊन खाली नेतो किंवा उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, खाडीत सोडतो. पाऊस थांबला की उलटा प्रवास सुरू होतो. खालचं खारं पाणी फारसं खोल नसतं. ऊन तापलं की ते मातीच्या बारीक वाटांनी वर चढतं, पाणी उडून जातं आणि मीठ पृष्ठभागावर राहतं. म्हणून एकाच शेताची माती ऑगस्टमध्ये तपासली तर एक आकडा येतो आणि एप्रिलमध्ये तपासली तर भलताच.

पण या शेताचा मधला भाग पावसाळ्यातही पुरेसा धुतला जात नव्हता, हे काकांच्या बोलण्यातून कळलं. कारण शोधायला उघाडीवर जावं लागलं. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जावं आणि भरतीला झडप मिटून खाडीचं पाणी बाहेरच अडावं, एवढंच उघाडीचं काम. आम्ही भरती चढताना तिथे उभे होतो. झडपेच्या खालच्या कडेला गाळ आणि एक लाकडाचा ओंडका अडकलेला, त्यामुळे ती पुरती बसत नव्हती. बोटभर फटीतून पाणी आत येत होतं, आवाजही येत होता. वर बांधाच्या आतल्या उतारावर चिंबोऱ्यांची बिळं. काकांनी एका बिळात काठी घातली, ती कोपरापर्यंत आत गेली. काठीचं टोक ओलं होऊन बाहेर आलं. “ह्या बिलातून पानी येते, आन् बाटली काय करनार?” ते म्हणाले.

त्यांचं बरोबर होतं. प्रत्येक उधाणाला नवं मीठ आत येणार असेल, तर जमिनीवर केलेला कुठलाही खर्च खाडीत गेला म्हणायचं. पूर्वी हे बांध शेतकरी जोळ करून, म्हणजे सगळ्यांनी मिळून अंगमेहनतीने राखत. 1948 साली खारभूमीचा कायदा आला आणि पुढे बांधांची जबाबदारी सरकारी मंडळाकडे गेली. तेव्हापासून माणसं ‘कोणीतरी करील’ म्हणून थांबायला लागली, असं इथली जुनी मंडळी सांगतात. मला त्यात तथ्य वाटतं, पण त्या वादात इथे शिरत नाही. या प्रकरणात एवढंच झालं की आजूबाजूच्या चार घरांनी मिळून झडपेखालचा गाळ काढला, बिळं चिखलाने ठोकून बंद केली आणि मधल्या भागातून उघाडीपर्यंत एक चर काढला. पावसाआधी. जिवाणूंचा विषय त्यानंतर निघाला.

तपासणीच्या कागदावरचा सापळा

मुलाने मातीची तपासणी करून आणली होती. मधल्या भागाची क्षारता ‘1.9’ आणि शेजारी शेरा, मध्यम. भाताला 3 पर्यंत चालतं असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. मग भात का रुसतंय, हा त्याचा प्रश्न.

इथे पुष्कळ जण चकतात. ‘भाताला 3 पर्यंत चालतं’ हा आकडा डेसिसीमेन प्रति मीटर या विद्युतवाहकतेच्या एककात आहे (मीठ जास्त तितकी वीज जास्त वाहते), आणि तो माती पाण्याने जेमतेम संपृक्त करून काढलेल्या अर्काचा आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या प्रयोगशाळेत एक भाग मातीत दोन-अडीच भाग पाणी घालून विद्युतवाहकता मोजतात. पाणी जास्त, म्हणून मीठ पातळ, म्हणून आकडा कमी. संपृक्त अर्काचा आकडा मातीच्या पोतानुसार त्याच्या काही पट असतो. कागदावरचा 1.9 खऱ्या मोजमापात भाताच्या मर्यादेपलीकडे गेलेला असू शकतो, आणि इथे पिकाकडे बघून तसंच दिसत होतं.

ती मर्यादा ओलांडल्यावर काय होतं, याचा ठोकताळा 1977 साली मास आणि हॉफमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी मांडला. भातात 3 च्या पुढे प्रत्येक एककाला उत्पन्न सुमारे 12 टक्क्यांनी घटतं. म्हणजे 6 ला एक तृतीयांशाहून जास्त घट, 8 ला निम्म्याहून जास्त. कांदा याहून नाजूक, त्याची मर्यादा 1.2 लाच संपते. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून खारेपाटातली काही मंडळी कांद्याकडे वळायचं म्हणताहेत. त्यांनी हा आकडा आधी बघावा.

अहवालात सामू (पीएच) 7.8 होता, ही जमेची बाजू. मुलगा जिप्समबद्दलही विचारत होता. उत्तरेकडच्या ऊसर जमिनींत सामू 8.5 च्या वर जातो, सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसतो आणि माती पाणीच सोडत नाही. तिथे जिप्सम लागतं. आपल्या खारीत मुख्यतः समुद्राचं मीठ, म्हणजे क्लोराइडं. ती पाण्यात विरघळतात आणि वाट मिळाली तर पाण्याबरोबर जातात. या शेतात जिप्समवर रुपया घालायचं कारण नव्हतं.

मग जिवाणू करतात काय

खारं पाणी मुळांशी आलं की रोपाला आधी तहान लागते. पाणी समोर असतं, पण मिठाने ते धरून ठेवलेलं असतं, मुळाला ओढता येत नाही. पुढच्या काही दिवसांत सोडियम जुन्या पानांत साठतो, पोटॅशियमची जागा घेतो आणि पानांचे शेंडे करपतात. एवढं बहुतेकांना माहीत असतं. तिसरी गोष्ट कमी माहीत असते. ताण आला की रोप स्वतःच इथिलीन नावाचा वायू जास्त बनवू लागतं. फळं पिकवतो तोच हा वायू. कोवळ्या रोपात तो वाढला की मुळांची वाढ थांबते. म्हणजे मुळं लांब जाण्याची सगळ्यात गरज असते तेव्हाच रोप आपल्या हाताने त्यांना लगाम घालतं.

इथिलीन ज्या पदार्थापासून बनतो त्याचं छोटं नाव एसीसी. मुळांभोवती राहणाऱ्या काही जिवाणूंकडे एसीसी तोडणारं विकर (एन्झाइम) असतं. ते मुळातून झिरपणारं एसीसी खातात, त्यातला नत्र स्वतःसाठी वापरतात, आणि रोपात इथिलीन कमी बनतो. ही मांडणी कॅनडातल्या बर्नार्ड ग्लिक यांनी 1998 मध्ये केली. 2004 मध्ये त्यांनी आणि इस्रायली सहकाऱ्यांनी टोमॅटोच्या रोपांवर ती तपासली. पाण्यात लिटरला साधारण 10 ग्रॅम मीठ असतानाही जिवाणू लावलेली रोपं वजनाने भरली, इथिलीन कमी झाला, आणि पालाश व स्फुरद थोडं जास्त शोषलं गेलं. रोपातला सोडियम मात्र कमी झाला नाही.

काकींच्या प्रश्नाचं उत्तर त्या शेवटच्या वाक्यात आहे. मीठ होतं तिथेच राहतं, पण रोप त्यात तग धरतं.

जिवाणूंची आणखीही कामं आहेत. काही जाती मुळांभोवती चिकट थर तयार करतात, त्यात थोडा सोडियम अडकतो आणि ओल टिकते. काही ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक बनवतात, त्याने बारीक मुळं वाढतात. एकच जात सगळं करते असं नाही, आणि पाकिटावर लिहिलं म्हणून ती आपल्या मातीत ते करीलच असंही नाही. केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने खाऱ्या-चोपण (चोपण म्हणजे वर सांगितलेली सोडियमची ऊसर) जमिनींसाठी ‘हॅलो-अ‍ॅझो’, ‘हॅलो-पीएसबी’ अशी द्रवरूप जिवाणू खतं तयार केली आहेत. चांगलं काम आहे, पण त्यातलं बरंचसं लखनौकडच्या चोपण जमिनीतलं. कोकणच्या क्लोराइडी, पाणथळ खारीत ते स्वतंत्रपणे पाहावं लागतं. आपल्याकडे त्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र पनवेलला आहे. ‘पनवेल’ मालिकेतले खार सोसणारे भातवाण याच केंद्राचे.

काय केलं

बाजारातल्या त्या बाटलीवर जिवाणूचं नाव नव्हतं, संख्या नव्हती, मुदतही पुसट होती. खत नियंत्रण आदेशात जिवाणू खतं 2006 पासून आली. द्रवरूप खतात मिलिलिटरला किमान 10 कोटी आणि भुकटीत ग्रॅमला किमान 5 कोटी जिवंत जिवाणू हवेत, आणि जातीचं नाव व मुदत लेबलवर हवी. हे नसेल तर बाटलीत काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. ती बाटली आम्ही बाजूला ठेवली. त्याऐवजी परवाना असलेलं अ‍ॅझोस्पिरिलम, म्हणजे हवेतला नत्र धरणारे जिवाणू, आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचं द्रावण घेतलं. अ‍ॅझोटोबॅक्टर मुद्दाम टाळलं. त्याला भरपूर हवा लागते आणि भाताच्या खाचरात ती नसते. अ‍ॅझोस्पिरिलम कमी हवेत भाताच्या मुळांशी रमतं. द्रावण आणलं ते दुकानाच्या फडताळावर पत्र्याखाली तापत न राहिलेलं. उकळत्या दुधात विरजण घातल्यावर जे होतं, तेच तापलेल्या बाटलीतल्या जिवाणूंचं झालेलं असतं.

वाण खार सोसणाराच घेतला. भात उगवताना आणि फुटवे फुटताना खार बऱ्यापैकी सहन करतं. नाजूक असतं ते कोवळ्या रोपाच्या वयात आणि फुलोऱ्यात. म्हणून राब, म्हणजे रोपवाटिका, वरच्या गोड्या मातीत केला, आणि रोपं नेहमीपेक्षा जून होऊ दिली. एका चुडात, म्हणजे एका जागी, तीन-चार रोपं लावायची ठरवली, म्हणजे काही मेली तरी चूड रिकामी पडत नाही.

बियाला आधी तीन टक्के मिठाच्या पाण्याची प्रक्रिया झाली. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ, पोचट दाणे वर तरंगतात ते काढायचे, खालचे दोनदा स्वच्छ धुवायचे. खाऱ्या शेतासाठी बीसुद्धा मिठात, याचं काकींना फार हसू आलं. मग बुरशीनाशक. बुरशीनाशक आणि जिवाणू एकाच बियाला लावले तर जिवाणूंचा निभाव लागेलच असं नाही, म्हणून दोघांची गाठ पडू द्यायची नाही असं ठरलं. बुरशीनाशक बियाला लावलं आणि जिवाणू लावणीच्या वेळी मुळांना दिले.

तुलना कशी करायची यावर बराच खल झाला. अर्ध्या शेताला द्यायचे आणि अर्ध्याला नाही, असं काका म्हणत होते. पण वरचा अर्धा गोडा आणि खालचा खारा, त्यातून काही कळलं नसतं. मग चढणीपासून बाहेरकाठ्यापर्यंत लांब पट्टे आखले, एक जिवाणूंचा, एक बिनजिवाणूंचा, असे आलटूनपालटून. प्रत्येक पट्टा तिन्ही भागांतून जाणारा. आणखी एक अडचण होती. द्रावणात जिवाणूंबरोबर त्यांचं खाद्यही असतं, त्याचाच परिणाम दिसला तर? म्हणून बिनजिवाणूंच्या पट्ट्यासाठी तेच द्रावण चुलीवर उकळून, थंड करून घेतलं. जिवाणू मेले, बाकी सगळं तेच.

लावणीच्या दिवशी शेताच्या कडेला दोन घमेली. बायका राबातून काढलेल्या मुठी आणून घमेल्यात उभ्या करत, फक्त मुळं बुडतील इतक्या, आणि अर्धा तास सावलीत ठेवत. उकळलेल्या द्रावणाचे पट्टे आधी लावून घेतले, म्हणजे हातांनी जिवंत जिवाणू तिकडे जायला नकोत. लावणाऱ्यांत एक वयस्क बाई होत्या, त्यांना हा सोवळ्याचा प्रकार भलताच पटला. चुकून कोणी उलट्या घमेल्यात हात घातला की त्या ओरडत.

काय दिसलं

लावणीनंतर पाऊस चांगला लागला आणि महिनाभर कुठल्या पट्ट्यात काय आहे ते ओळखू येत नव्हतं. मुलगा हिरमुसला. मग ऑगस्टात पावसाने दडी मारली. खाचरातलं पाणी आटलं, मधल्या भागात माती पांढुरकी दिसू लागली आणि आठवड्याभरात पट्टे वेगळे दिसायला लागले. उकळलेल्या द्रावणाच्या पट्ट्यात पानांचे शेंडे पिवळे होऊन गुंडाळले. जिवाणूंच्या पट्ट्यातही शेंडे करपले, पण कमी, आणि नवं पान हिरवं येत होतं. दोन्हीकडची एकेक चूड उपटून धुतली. जिवाणूंच्या चुडीला बारीक पांढरी मुळं जास्त होती, चिखल झटकला तरी मुळांना माती धरून राहत होती.

वरच्या भागात मात्र काहीच फरक नव्हता, शेवटपर्यंत. खालच्या भागात दोन्ही पट्टे मेले.

या प्रकरणातलं सगळ्यात कामाचं निरीक्षण मला हेच वाटतं, आणि विक्रेते हेच सांगत नाहीत. जिथे मीठ मर्यादेच्या आत आहे तिथे रोपाला ताणच नसतो, मग ताण कमी करणाऱ्याला काम काय? जिथे मीठ फार आहे तिथे रोप इथिलीनने नव्हे तर मिठानेच मरतं. जिवाणूंना वाव मिळतो तो मधल्या भागात. तोसुद्धा दडीच्या आठ-दहा दिवसांत, जेव्हा रोप कोसळणार की सावरणार हे ठरत असतं.

झोडणी पट्ट्यापट्ट्याने वेगळी केली. मधल्या भागात जिवाणूंच्या पट्ट्यांचं भात तराजूवर जास्त भरलं. टक्केवारी मी मुद्दाम देत नाही. एका शेतातल्या एका हंगामाचा आकडा दिला की तो लेबलवर छापला जातो. त्यापेक्षा मोठा फरक दुसराच होता. मधल्या भागातले बिनजिवाणूंचे पट्टेही आदल्या वर्षीपेक्षा पुष्कळ बरे आले. ती करामत गाळ काढलेल्या उघाडीची आणि चराची. जिवाणूंनी त्यावर थोडी भर घातली. उघाडी गळत असती तर मधला भागही खालच्यासारखा झाला असता आणि काकांनी जिवाणूंना शिव्या दिल्या असत्या.

फुलोऱ्यात मात्र पळंज दोन्हीकडे राहिला. मुळांना लावलेले बाहेरचे जिवाणू मातीतल्या मूळ वस्तीपुढे हळूहळू कमी होत जातात. लावणीच्या वेळी दिलेली मात्रा फुलोऱ्यापर्यंत पुरेल अशी अपेक्षा धरता येत नाही. फुटव्यांच्या काळात शेणखतात मुरवून पुन्हा द्यावेत का, हे पुढच्या हंगामात बघायचं ठरलंय.

खर्चाचं सांगायचं तर जिवाणूंचा खर्च लावणीच्या मजुरीपुढे किरकोळ होता. खरा खर्च उघाडीवरच्या श्रमाचा, आणि तो चार घरांत वाटला गेला.

आता

भात निघाल्यावर मधल्या भागात ओलीवर वाल टाकला. त्याला अ‍ॅझोस्पिरिलम नाही, रायझोबियम हे कडधान्यांच्या मुळांवरचे जिवाणू लावले. मीठ वर चढू नये म्हणून जमीन पेंढ्याने झाकावी असं माझं म्हणणं होतं. काकींनी साफ नकार दिला. पेंढा म्हशींचा. शेवटी बांधावरचं गवत आणि वाळका पाला चरालगतच्या पट्ट्यावर पसरला, बाकी तसंच राहिलं.

खालच्या भागाचा प्रश्न सुटलेला नाही. तिथे तिवराची रोपं उगवू लागली आहेत. कांदळवन एकदा दाट झालं की ते तोडता येत नाही, त्यामुळे निर्णय लांबवण्यातही धोका आहे. काका म्हणतात तळं काढून जिताडा मासा सोडू. काकींचा विरोध आहे. तळ्यात खाडीचं पाणी घेतलं तर ते झिरपून मधल्या भागात येणार, आणि एवढं करून मिळवलेलं भात हातचं जाणार, असं त्यांचं म्हणणं. पावसाच्याच पाण्यावर तळं ठेवायचं तर ते मेपर्यंत टिकेल का, याचा अंदाज घ्यायला त्यांनी मुलाला शेजारच्या गावातली तळी बघायला पाठवलंय.